जुन्या फोनातला आकडा

कुडपणच्या सोनाली शेलारला लोक ‘नंदूची आई’ म्हणूनच ओळखतात. नंदू म्हणजे राजनंदिनी, तिची एकुलती एक मुलगी. नंदू आठ वर्षांची असताना एकाएकी वाळायला लागली. सारखी तहान, सारखी लघवी. सासू येसूबाई म्हणाली, बाहेरचं काहीतरी असेल, नारळ उतरवून टाकू. नारळ उतरवला, पण पोरगी उतरतच गेली. शेवटी सोनालीने तिला पाठीवर घेतलं, घाटातून पोलादपूरला उतरली, आणि तिथल्या डॉक्टरांनी बोटातून रक्त काढून साखर बघितली आणि लगेच मुंबईला पाठवलं. मुंबईत कळलं, पोरीच्या अंगात इन्सुलिनच तयार होत नाही. ते रोज सुईने द्यायचं. आयुष्यभर.

सोनालीचं माहेर शिवथरच्या खोऱ्यात. दहावीनंतर ती शाळेत गेली नाही. लग्न झालं आणि ती डोंगरावर आली. नवरा किशोर मुंबईत एका हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये कामाला, शिमग्याला आणि गणपतीला यायचा. नाचणीची शेती, दोन म्हशी, सासू आणि पोरगी, एवढं सगळं सोनालीवर. त्यात आता सुया आल्या. पहिल्या दिवशी पोरीच्या पोटात सुई टोचताना तिने डोळे मिटून घेतले, तेव्हा नंदूच म्हणाली, “आई, तू डोळे मिटू नको. मी मिटते.”

सुईपेक्षा वाईट होतं ते साखर उतरणं. इन्सुलिन जास्त पडलं, किंवा सुई घेतल्यावर पोरगी नीट जेवली नाही, की साखर खाली यायची. मग घाम, थरथर, चिडचिड. त्या वेळी तोंडात गोड पडलं नाही तर शुद्ध जायची. सोनाली शेतातून दहा वेळा घरी यायची, पोरीचा हात हातात घेऊन बघायची.

दोन वर्षांपूर्वी मुंबईच्या एका संस्थेने नंदूला सेन्सर द्यायला सुरुवात केली. दंडावर चिकटवायचा नाण्याएवढा बिल्ला, दर दोन आठवड्यांनी बदलायचा. तो साखर मोजायचा आणि जवळच्या मोबाईलला कळवायचा. मोबाईलवर आकडा दिसायचा, शेजारी बाण. बाण आडवा म्हणजे ठीक, खाली वळला म्हणजे साखर उतरतेय. फार उतरली तर फोन जोरात वाजायचा. मोबाईल किशोरचाच जुना, काचेला एका कोपऱ्यात तडा गेलेला. सोनाली तो कापडी पिशवीत घालून कमरेला बांधायची. सेन्सर आल्यापासून ती पहिल्यांदा सलग झोपू लागली, असं येसूबाई सांगते.

दिवाळी झाली आणि एका सकाळी फोनवर आकड्याच्या जागी पाटी आली. फोनचं सॉफ्टवेअर जुनं झालं आहे, ते अपडेट केलं नाही तर काही दिवसांनी हे ॲप बंद पडेल.

सोनालीने किशोरला फोन लावला. कुडपणला रेंज यायची ती फक्त देवळाकडच्या चढावर. तिथं वाऱ्यात उभी राहून ती ओरडून सांगत होती.

“नवीनच घे,” किशोर म्हणाला. “तो फोन मी वापरून फेकलाय. मी शिमग्याला येतो ना, तेव्हा आणतो.”

“शिमग्यापर्यंत काय करू? आणि डिसेंबरात पोरीची सहल हाय.”

“सहलीला नको पाठवू.”

सोनालीने फोन ठेवला. नंदू सातवीत होती. कुडपणची शाळा सातवीपर्यंतच. आजारपणामुळे ती आतापर्यंत एकाही सहलीला गेली नव्हती, आणि ही शाळेतली शेवटची.

दुसऱ्या दिवशी ती फोन घेऊन पोलादपूरला भावाकडे गेली. नंदू बरोबर होतीच. फोन लांब नेला तर पोरीवर नजर कोण ठेवणार?

सुशांत, सोनालीचा धाकटा भाऊ. पोलादपुरात स्टँडजवळ त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. पाण्यात पडलेले, जीपखाली आलेले, म्हशीने तुडवलेले फोन त्याने चालू करून दिले होते. नवीन फोन विकण्यापेक्षा जुना जिवंत करण्यात त्याला जास्त आनंद. भाचीवर त्याचा फार जीव होता. नंदूसाठी त्याने दुकानात वेगळा डबा ठेवला होता, त्यात ग्लुकोजच्या पुड्या आणि बिस्किटं.

त्याने फोन उलटसुलट करून पाहिला. “ताई, ह्याला अपडेट कधीचा येऊन पडलाय. तुमच्याकडं वायफाय नाय म्हणून उतरला नाय. आता करून देतो. झाला की नवाच समज.”

“नवा म्हंजे? तुझे भावोजी तर म्हणतात की—”

“भावोजींना काय ठाव? लोक नवा फोन घेतात म्हंजे काय घेतात? आतला सॉफ्टवेअर. तोच आपल्याला फुकट येतोय. आणि आता नवा घेतलास तर हा चालू सेन्सर त्याला जोडता यायचा नाय. जोडलेल्या फोनवरच चालतो तो. अर्धा वाया जायचा.”

हे मात्र खरं होतं. संस्थेकडून सेन्सर मोजकेच यायचे. सोनाली बाकड्यावर बसली आणि म्हणाली, “कर.”

सुशांतने अपडेट चालू केला. फोन बंद झाला, पडद्यावर कंपनीचं चिन्ह आलं, खाली एक रेघ हळूहळू भरू लागली. सोनाली त्या रेघेकडे बघत राहिली. गेल्या दोन वर्षांत पहिल्यांदाच तिला पोरीचा आकडा दिसत नव्हता. दर थोड्या वेळाने ती नंदूच्या मानेला हात लावून घाम आलाय का बघत होती.

“आई, मी बरी हाय.”

“गप बस.”

रेघ अर्ध्यावर आली आणि दुकानातली लाईट गेली. पंखा थांबला. सुशांतने पटकन फोनला बॅटरीवरचा चार्जर लावला, पण चिन्ह तसंच थबकलं होतं. रेघ हलेना.

“अडकला काय रे?”

“नाय अडकला.”

“मंग हलत का नाय?”

सुशांत चार्जरची पिन दाबून बघत राहिला. त्याच्या कपाळावर घाम आलेला तिला दिसला. अपडेट होता होता फोन मेला तर चालू सेन्सर गेला, हे त्याला तिच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. गिऱ्हाईक आलं, त्याला त्याने नंतर ये म्हणून परत लावलं. तिघं त्या छोट्या काचेकडे बघत बसली. बाहेर महाबळेश्वरकडे जाणाऱ्या गाड्या हॉर्न वाजवत वळत होत्या.

मग चिन्ह एकदा लुकलुकलं, रेघ पुढं सरकली आणि फोन उघडला. चित्रं बदललेली, अक्षरं गोल गोल, सगळं चकचकीत. ॲप उघडल्यावर क्षणभर गोल फिरत राहिलं. मग आकडा आला. बाण आडवा.

सुशांतने टेबलावर थाप मारली. “बघ! झाला का नाय नवा?”

नंदूने लगेच मामाचा फोटो काढला. सोनालीला रडू आलं आणि हसूही. तिथूनच तिने किशोरला कळवलं. किशोर मात्र खूष झाला नाही. “वरनं रंग दिल्यावर जुनी एसटी नवी होते काय?” तो म्हणाला. सुशांतने बहिणीच्या हातातून फोन घेतला. “भावोजी, धंदा माझा हाय. तुमी कँटीन सांभाळा.” पलीकडून फोन ठेवला गेला. सोनालीने भावाकडे रागाने बघितलं, पण मनातून तिला भावाचंच पटलं होतं. पुरावा तिच्या हातात होता.

पुढचे काही आठवडे फोन नीट चालला. पण आधी तो संध्याकाळपर्यंत टिकायचा, आता दुपारीच बॅटरी उतरू लागली. कमरेच्या पिशवीतून ऊब लागायची, जणू भाकरी बांधलीय. एक-दोनदा ‘सेन्सरशी संपर्क नाही’ अशी पाटी आली आणि आपोआप गेली. सोनालीने सुशांतला विचारलं. तो म्हणाला, नवीन सॉफ्टवेअर अंगवळणी पडायला वेळ लागतो.

डिसेंबरात सहल निघाली शिवथरघळीला. ‘मी बरोबर येईन,’ या अटीवर सोनालीने पोरीला पाठवायचं कबूल केलं. शाळेच्या नीला मॅडमना तर आनंदच झाला. एक मोठं माणूस हाताशी मिळालं आणि नंदूची काळजीही मिटली. माहेरचं खोरं, म्हणून सोनालीही मनातून सुखावली होती. नंदूने मामालाही गळ घातली होती. पोलादपूरला गाडी थांबली तेव्हा सुशांत दुकान बंद करून उभाच होता.

गाडीत बसल्या बसल्या सोनालीने त्याच्यापुढे फोन धरला. “हे बघ. सकाळी भरलावता. निम्मा संपला पन.”

“पॉवर बँक आणायला विसरलो,” सुशांत म्हणाला. त्याने फोनमध्ये काहीतरी दाबलं. “बॅटरी सेव्हर लावलाय. आता आरामात संध्याकाळपर्यंत टिकल. काळजी सोड.”

महामार्ग मागे पडला, बिरवाडी गेली, रस्ता खोऱ्यात शिरला. पोरं गाणी म्हणत होती. सोनालीने आकडा बघितला. ठीक होता. तिने खूप दिवसांनी खिडकीबाहेर पाहिलं. नदीपलीकडे तिच्या मामाचं शेत होतं, ते तिने नंदूला दाखवलं.

घळीजवळ पोचल्यावर आधी जेवणं उरकायचं ठरलं. सोनालीने नंदूला झाडामागे नेऊन इन्सुलिनची सुई दिली. डबे उघडले. नंदूने चपातीचे चार घास खाल्ले असतील नसतील, तोच मैत्रिणी ओरडल्या, वानरं आलीत. सगळ्या पळाल्या, ही पण पळाली.

“नंदू, जेवून जा!”

“आलेच गो!”

सोनालीने आकडा बघितला. एकशे अडतीस, बाण आडवा. बरं आहे, येईल आणि खाईल, असं म्हणून तिने डबा झाकला. मग मॅडमनी पोरांना ओळीत उभं केलं आणि सगळी घळीकडे निघाली. नंदू मैत्रिणींच्या घोळक्यात पुढं होती, डबा तसाच राहिला. सोनालीने चालता चालता पुन्हा फोन बघितला. एकशे अडतीस. घळीच्या तोंडाशी गारवा होता, धबधब्याची धार हिवाळ्यात बारीक झालेली, पण आवाज घुमत होता. मॅडम माहिती सांगत होत्या. अंधारात कोण कुठे उभं आहे ते दिसत नव्हतं. सुशांत मोबाईलवर पोरांचे फोटो काढत होता.

बाहेर आल्यावर सोनालीने तिसऱ्यांदा बघितलं. एकशे अडतीस. बाण आडवा.

ती जागच्या जागी थांबली. चार वर्षं ती हा आकडा बघत होती, आधी यंत्रावर आणि मग फोनवर. साखर कधी एका जागी राहत नाही. जेवली तर चढते, धावली तर उतरते, झोपेतसुद्धा दोन-चार इकडेतिकडे होतेच. सुई घेतलेली, अर्धपोटी, एवढं चढून-उतरून आलेली पोरगी, आणि आकडा एकाचाही फरक न पडता तसाच?

“सुशांत, हा हलत नाय.”

“काय हलत नाय?”

“आकडा. मगापासनं तोच हाय.” आणि मग तिने मान वर करून पोरांच्या घोळक्याकडे बघितलं. “नंदू कुठं हाय?”

नंदू नव्हती.

मॅडमनी पोरं मोजली. पुन्हा मोजली. घळीत कोणी राहिलंय का ते बघायला तिथलेच दोन बाप्ये आत गेले आणि मान हलवत बाहेर आले. सोनालीने फोनवर बोट मारलं तसा आकडा नाहीसा झाला आणि पाटी आली, ‘सेन्सरशी संपर्क नाही’.

सुशांतचा चेहरा उतरला. “बॅटरी सेव्हर,” तो पुटपुटला. “त्यानं ॲप झोपवला असंल.” त्याने तो बंद केला. पाटी तशीच राहिली. “थांब ताई, रीस्टार्ट मारतो. चालू झाला की लगेच दाखवील, जवळ असंल तर.”

फोन बंद झाला आणि पडद्यावर कंपनीचं चिन्ह आलं. ते फिरत राहिलं. फिरतच राहिलं. नव्या सॉफ्टवेअरला तो जुना फोन जागा करायला केवढा वेळ लागत होता! सोनाली त्या चिन्हाकडे बघत उभी होती. मग तिच्या लक्षात आलं, आपण पोरीला शोधायचं सोडून काचेकडे बघतोय.

“तूच धर तो,” ती म्हणाली आणि पळाली.

नंदूची मैत्रीण अंकिता कोकम सरबताच्या टपरीजवळ रडत उभी होती. सोनालीने तिचे खांदे धरले. “काय म्हणाली ती? शेवटी काय म्हणाली?”

“चिडली माझ्यावर. मी नुसता पाणी पी म्हटला. म्हणाली, मला गरम होतंय, जा तू.”

डिसेंबरातल्या सावलीत, स्वेटर घातलेल्या पोरांमध्ये, नंदूला गरम होत होतं. सोनालीला एवढं पुरे होतं. साखर उतरली की नंदूला आगीत उभं केल्यासारखं व्हायचं. घरी असताना ती अशा वेळी मोरीत जाऊन थंड फरशीवर बसायची. म्हणजे ती पाण्याकडेच गेली असणार.

धबधब्याचं पाणी खाली ओढ्याला मिळतं. सोनाली दगडांवरून उतरू लागली. चप्पल निसटली ती तशीच सोडली. “नंदू! गो नंदू!” पाण्याच्या आवाजात हाक विरत होती. एका झुडपावर तिला निळा स्वेटर अडकलेला दिसला. पुढं एक बूट.

नंदू वळणापलीकडे होती. पाण्यात पाय सोडून दगडाला टेकून बसलेली. डोळे उघडे, पण बघत कुठेच नव्हते. केस घामाने कपाळाला चिकटलेले. सोनाली जवळ गेली, तसे तिने हात झाडले.

“जा! तू आई नायस माझी!”

“बरं, नाय मी. तोंड उघड.”

“नाय! जा!”

तिने ओचकारलं. सोनालीने एका हाताने तिचे दोन्ही हात दाबून धरले आणि दुसऱ्या हाताने कनवटीची ग्लुकोजची पुडी काढून दातांनी फाडली. थोडी पूड ओढ्याच्या पाण्यात ओलवून बोटाने पोरीच्या गालाच्या आतल्या बाजूला लावली. नंदूने थुंकली. पुन्हा लावली. नंदूने बोट चावलं. सोनालीने बोट काढलं नाही. “गीळ. गीळ गो माझी बाय. एवढा गीळ.” पोरीचा गळा हलला. सोनालीने पुन्हा पूड लावली. पोरगी मध्येच मान टाकायची, तेव्हा ती थांबायची. ठसका लागून श्वासात जाईल, ही भीती. मग पुन्हा मान वर झाली, की पुन्हा बोट.

कमरेच्या पिशवीत रक्त तपासायचं जुनं यंत्र होतं. सेन्सर आल्यापासून ते फारसं वापरात नव्हतं, पण ती बरोबर ठेवायची. तिने पोरीच्या बोटाला टोचलं. यंत्राने आकडाच दाखवला नाही. नुसतं ‘लो’. म्हणजे मोजता येणार नाही इतकी खाली.

ती पोरीला मांडीवर घेऊन, अर्धी पाण्यात बसून, दुसरी पुडी भरवत राहिली. किती वेळ गेला तिला सांगता येत नाही. केव्हातरी नंदूच्या हातातला जोर सैल झाला, आणि ती बारीक आवाजात म्हणाली, “आई, पाय गार झालेत.”

तेवढ्यात वरून कर्कश आवाज आला. फोन वाजत होता. दगडांवरून धडपडत सुशांत उतरत होता, त्याच्या हातात तो फोन, आणि सेन्सरच्या टप्प्यात आल्याबरोबर फोनने बोंब ठोकली होती. साखर धोक्याच्या खाली. पडदा लाल. सुशांत समोर येऊन थांबला. त्याने बहिणीच्या रक्ताळलेल्या बोटाकडे पाहिलं, भाचीकडे पाहिलं. फोन वाजतच होता.

“बंद कर तो,” सोनाली म्हणाली.

नंदूला त्यांनी महाडला दवाखान्यात नेलं. संध्याकाळपर्यंत तिची साखर जागेवर आली आणि तिला कंटाळाही आला. सुशांत बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा होता. आत यायला तयार नव्हता. नंदूनेच हाक मारली, “मामा, वानराचा फोटो दाखव.” तेव्हा तो आत आला आणि पोरीच्या पायाशी बसून रडला.

दुसऱ्या दिवशी किशोर मुंबईहून आला. कुडपणच्या घरात येसूबाई चुलीपाशी, नंदू पांघरुणात, आणि उंबऱ्याजवळ सुशांत मान खाली घालून बसलेला. किशोरने बूटही काढले नाहीत.

“रंग दिलास ना? दिलास ना रंग?”

सुशांतने सरकून त्याला आत यायला वाट दिली.

“माझी पोरगी ओढ्यात मिळाली. ह्या माणसाला काय म्हणू मी सांग.” हे तो सोनालीला म्हणाला.

“काय म्हणायचा ते मला म्हणा,” सोनाली म्हणाली. “फोन माझ्या कमरेला होता. पोरगी अर्धपोटी उठली ती माझ्यासमोर. आकडा बघून मी डबा झाकला.”

“म्हणून म्हणत होतो, नवा—”

“नव्यात असा होणार नाय काय?” तिने भावाकडे वळून विचारलं. “सुशांत, खरा सांग. मला चांगला वाटावा म्हणून नको सांगू.”

सुशांतने मान वर केली. “होऊ शकतो ताई. बॅटरी सेव्हर नव्या फोनातबी हाय. कोणी लावला तर त्यातला ॲपबी झोपंल. ती चूक फोनाची नाय, माझी.” मग तो किशोरकडे बघून म्हणाला, “पन तुमचा बरोबर होता भावोजी. मी म्हणालो ना, नवा झाला? नाय झाला. सॉफ्टवेअर नवा आला, पन बॅटरी तीच, आतला चिप तोच, सेन्सरचा आवाज ऐकायचा कान तोच जुना. त्याच्यावर मी नवीन ओझा टाकला. म्हणून तापत होता, म्हणून संपर्क तुटत होता. मला कळत होता आणि मी कळून घेत नव्हतो.”

मग येसूबाई उठली, तिने सुशांतपुढे चहाचा कप ठेवला आणि मुलाला म्हणाली, “बूट काढ रे आधी.”

किशोरने कँटीनच्या मालकाकडून पगारावर उचल घेतली आणि चार दिवसांत नवा फोन आला. जुना सेन्सर संपल्यावर नवा सेन्सर त्याला जोडला. सुशांत त्यासाठी मुद्दाम वर आला होता. त्याने पहिलं काम केलं ते ॲपला कधीही झोपवायचं नाही अशी सोय लावण्याचं, आणि ती कुठे आहे ते सोनालीला दाखवून तिच्या हाताने तीनदा लावून घेतली. मग त्याने नंदूला अंगणातून चालत जायला सांगितलं. जुना फोन गोठ्यापाशीच तिला हरवायचा. नव्या फोनाने ती गोठा ओलांडून काजूच्या झाडापर्यंत गेली तरी धरून ठेवलं. फरक तिथं सगळ्यांनी डोळ्यांनी बघितला. किशोरने सुशांतच्या पाठीवर हात ठेवला आणि काढला.

सोनालीने मात्र त्या दिवसापासून एक गोष्ट धरली. जेवणाआधी आणि नंदूचा चेहरा जरा वेगळा वाटला की बोट टोचायचंच, फोन काहीही म्हणो. नंदू कुरकुर करते. सोनाली ऐकत नाही.

जुना फोन फेकला नाही. तो येसूबाईकडे गेला. देवळाकडच्या चढावर गेलं की तिला त्यात मुलाचं तोंड दिसतं, देवाची गाणी लागतात, अक्षरं मोठी करून दिलीत. तिच्या कामाला तो पुरून उरतो. शेजारणीला ती अभिमानाने सांगते, “माझा फोन अपडेट केलेला हाय.”

जूनमध्ये नंदू आठवीला महाडला गेली, मुलींच्या वसतिगृहात. सोनालीने खूप दिवस हे टाळलं होतं. ओढ्यातला तो दिवस डोळ्यांपुढून जात नव्हता. पण पोरगी ऐकेना. नवा फोन वसतिगृहाच्या बाईंच्या परवानगीने तिच्याबरोबर गेला. सेन्सरचा आकडा आता नेटवरून येसूबाईच्या फोनवर येतो, कुडपणला रेंज असली तर. म्हणून सोनाली दिवसातून दोनदा सासूकडून फोन मागून घेते आणि देवळाकडच्या चढावर जाऊन उभी राहते.

ऑगस्टमध्ये एका दुपारी ती अशीच उभी होती. आकडा आला तो खाली घसरत होता, बाण पार खाली वळलेला. वाऱ्यापावसात तिने छत्री टाकून दिली आणि नंबर लावला. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदा वाजत राहिला. तिसऱ्यांदा नंदूने उचलला.

“नंदू! खा काहीतरी! लगेच खा!”

“खाल्ला गो.”

“कधी? फोनवर बघ, तुझा—”

“फोन वाजायच्या आधीच खाल्ला. वर्गात गरम व्हायला लागला मला. मला कळला. बाईंना सांगून ग्लुकोज घेतला, मंग फोन वाजला.” मागून मुलींचा गलका येत होता. “आई? ऐकतेस ना?”

पाऊस तोंडावर येत होता. छत्री उताराने खाली जाऊन बांधाला अडकली होती.

“ऐकते,” ती म्हणाली. “बोट टोचून बघितलास काय?”

“आता बघते.”

“आता बघ. मी थांबते.”

नंदूने बघितलं आणि आकडा सांगितला. फोनवर दिसला त्यापेक्षा वर आला होता. सोनालीने विचारलं, आज वसतिगृहात जेवायला काय होतं.

“तोंडली,” नंदू म्हणाली. “परत.”